पिस्तुलाचं लायसन काढलं की पगार दहा हजारांनी वाढतो म्हणतात, काढू का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे 29 वर्षांचे, मूळ मराठवाड्यातले, चार वर्षं झाली चाकणला एका गोडाऊनवर सिक्युरिटी गार्ड आहेत, बारा तासांची ड्युटी, हातात साडेसोळा हजार येतात. बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत, दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत. त्यांच्या फिल्ड ऑफिसरने सांगितलंय की पुण्यात एका सराफ शेठला पिस्तूलवाला माणूस पाहिजे, पीएसओ म्हणजे खाजगी अंगरक्षक म्हणून सोबत फिरायला, पगार साडेसव्वीस, पण लायसन आणि हत्यार स्वतःचं पाहिजे. लायसनसाठी त्यानेच एक एजंट गाठून दिला. एजंट म्हणतो 1 लाख 80 हजार द्या, दुसऱ्या राज्यातून 45 दिवसांत ऑल इंडिया, म्हणजे देशभर चालणारं लायसन करून देतो, इथे पोलीस व्हेरिफिकेशनला कोणी येणार नाही. हत्याराचे अंदाजे लाखभर वेगळे. 15 हजार टोकन, आधारची झेरॉक्स, फोटो आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन झाल्यात. वडील दोन म्हशी विकायला तयार आहेत. बायको म्हणते घरात असली वस्तू नको. आणि गावाकडे बांधावरून झालेल्या मारामारीची एक केस यांच्या नावावर अजून चालू आहे. प्रश्न दोन. पैसे भरू का, आणि केसचं फॉर्मवर लिहू का गपचूप बसू?

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं, कारण मला तुमच्या फिल्ड ऑफिसरचा आवाजच ऐकू आला त्यात. सदर लिहायला लागण्याआधी मी सहा वर्षं एका सिक्युरिटी एजन्सीच्या ऑफिसात होते, रोस्टर लावायचे, हजेरी बघायचे, रिलीव्हर, म्हणजे ड्युटी बदलायला येणारा गार्ड, आला नाही की रात्री साडेआठला फोन करून कोणाच्या तरी पाया पडायचे की बाबा डबल ड्युटी कर. त्यामुळे "गनमॅन हो, पगार वाढेल" हे वाक्य मी इतक्या पोरांना सांगितलं जाताना ऐकलंय की काय सांगू. ते वाक्य खोटं नसतं हो, पगार वाढतोच. पण वाढलेल्या पैशात नक्की काय विकत घेतलं जातंय ते कोणी सांगत नाही.

आधी सोपा प्रश्न उरकते. एजंटला पैसे भरू नका. एक रुपयासुद्धा. कारण नैतिक वगैरे नाहीये, साधं आहे. हत्याराचा परवाना तुम्ही जिथे खरोखर राहता तिथला अधिकारी देतो. जिल्ह्यात कलेक्टर, आणि जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे पोलीस आयुक्त. तुम्ही चाकणला राहता म्हणजे तुमचं ऑफिस पिंपरी-चिंचवड आयुक्तालय, पुणे शहरसुद्धा नाही. ज्या राज्यात तुम्ही एक रात्र झोपला नाहीत तिथला परवाना तुमच्या नावाने निघत असेल तर तिथे तुमचा खोटा पत्ता लावलेला असणार, खोटा पोलीस रिपोर्ट असणार, नाहीतर परवान्याचं आख्खं पुस्तकच खोटं असणार. आणि हे काही मी घाबरवायला सांगत नाहीये, जम्मू-काश्मीरमधून 2012 ते 2016 या काळात अडीच लाखांवर परवाने असे बाहेरच्या लोकांना वाटले गेले या आरोपावरून सीबीआयचा मोठा तपास झाला, त्यात आयएएस अधिकारीसुद्धा अडकले. आता तिथे अधिकारी अडकलेत तर तुमच्यासारख्या चाकणच्या गार्डला कोण सोडणार? आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय डेटाबेसमधला एक युनिक नंबर असतो, यूआयएन म्हणतात, पोलिसाने तो नंबर टाकला की दोन मिनिटांत कळतं पुस्तक खरं का छापलेलं. बिनपरवाना हत्यार सापडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा 2 वर्षं आहे आणि जास्तीत जास्त 5. तिथे कोर्ट असं म्हणत नाही की बिचाऱ्याला एजंटने फसवलं, हत्यार तुमच्या कमरेला सापडतं ना.

आणि हो, सरकारी फी हजारांत असते, लाखांत नाही. एवढ्या एका गोष्टीवरून ओळखायचं.

आता अवघड भाग.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चाललाय, की लायसन म्हणजे ड्रायव्हिंग लायसनसारखं काहीतरी, एकदा काढलं की आपली पात्रता वाढली, हेवी लायसन काढलं की ट्रक मिळतो तसं. तसं नाहीये ते. आपल्याकडे हत्यार बाळगणं हा हक्क नाही, अपवाद आहे. 1959 चा आर्म्स ॲक्ट आणि 2016 चे आर्म्स रूल्स, दोन्हीचा सूर एकच, तुला याची खरी गरज का आहे ते आधी सांग. "मला नोकरी मिळेल" ही गरज तुमची झाली, अधिकारी विचारणार जीव कोणाचा धोक्यात आहे, तुमचा का शेठचा? शेठचा असेल तर शेठने अर्ज करावा ना. आणि परवान्यावर उद्देश लिहिलेला असतो. समजा तुम्ही स्वतःच्या संरक्षणासाठी म्हणून सरळ मार्गाने मिळवलात आणि मग ते हत्यार लावून दुसऱ्याच्या दुकानाच्या दारात पगारावर उभे राहिलात, तर अटीचा भंग म्हणून परवाना रद्द व्हायची वेळ येऊ शकते. हे एजन्सीवाले सांगत नाहीत कारण परवाना तुमचा रद्द होणार असतो, त्यांचा नाही.

मग बँकेच्या दारात उभे असतात ते कसे, असं तुम्ही म्हणाल. दोन प्रकार आहेत बघा. एक म्हणजे बंदूक बँकेची किंवा संस्थेची, परवाना संस्थेच्या नावावर, आणि गार्डचं नाव त्यावर रिटेनर म्हणून, म्हणजे मालकाच्या वतीने हत्यार बाळगणारा म्हणून चढवलेलं. ड्युटी संपली की बंदूक तिथेच, तुम्ही रिकाम्या हाताने घरी. दुसरा प्रकार म्हणजे स्वतःचं लायसन आणि स्वतःची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक घेऊन आलेला माणूस, हा बहुतेक वेळा रिटायर्ड फौजी. एजन्सीला हा दुसरा स्वस्त पडतो, कारण हत्यार, काडतुसं, रिन्युअल, कोर्टकचेरी सगळं त्याच्याच डोक्यावर. तुम्हाला जी ऑफर आलीय ती या दुसऱ्या प्रकारची आहे, त्यात परत बारा बोअरची लांब बंदूक नाही, पिस्तूल, आणि तुम्ही फौजीही नाही. फौजी माणसाकडे पंधरा-वीस वर्षांची सर्व्हिस असते, हत्यार हाताळायची सवय असते, रेकॉर्ड असतं, म्हणून त्याचा अर्ज वेगळ्या नजरेने बघितला जातो, नियमातही सैन्य-पोलिसांत सेवा केलेल्यांचा वेगळा उल्लेख आहे. तुमचं तसं नाही यात तुमचा काही दोष नाही, पण फिल्ड ऑफिसरने हे तुम्हाला सांगायला पाहिजे होतं.

आमच्याकडे असे एक फौजी काका होते, एका बँकेच्या साइटवर. मी हजेरीचं रजिस्टर आणायला जायचे महिन्याच्या शेवटी. ड्युटी बदलायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात जाणार, तिथे वाळूने भरलेली एक लोखंडी पेटी होती, बंदुकीची नळी त्या पेटीकडे करणार, मग बंदूक मोडायची, म्हणजे मधून वाकवून उघडायची, दोन लाल काडतुसं तळहातावर, ती खिडकीच्या उजेडात फिरवून बघायची, मग बाकीची पट्ट्यातली मोजायची आणि दोरीने बांधलेल्या पेनने रजिस्टरवर आकडा लिहायचा. रोज. त्यांना पासबुक भरून द्या म्हणून म्हाताऱ्या बायका सांगायच्या तर म्हणायचे, आजी, हात मोकळे नाहीत. एकदा रिलीव्हर पिऊन आला, काकांनी हत्याराच्या जागेजवळ त्याला येऊच दिलं नाही, स्वतः अजून बारा तास उभे राहिले आणि मला सकाळी फोन, मॅडम दुसरा माणूस पाठवा, पाय सुजलेत. एवढं सगळं करून त्यांना साध्या गार्डपेक्षा फार जास्त नव्हते मिळत, मीच बिलं बनवायचे म्हणून माहितीये.

आणि दुसऱ्या एका साइटवर काय झालं तेही सांगते. गार्ड तिथलाही चांगलाच होता. स्वतःची बारा बोअर, स्वतःचं लायसन. दुपारी जेवायला बसताना बंदूक भरलेलीच खुर्चीला टेकवून ठेवली, खुर्ची सरकली, बंदूक पडली, बार झाला. छर्रे फरशीवर लागून उडाले आणि एका कस्टमरच्या पायात घुसले. माणूस वाचला, पण पोलीस आले, पंचनामा झाला, आणि आमच्या साहेबांनी त्याच संध्याकाळी क्लायंटला जे पत्र पाठवलं ते मीच टाइप केलं होतं. त्यात लिहिलं होतं की सदर शस्त्र आणि परवाना हा संबंधित इसमाचा वैयक्तिक आहे, एजन्सीचा त्याच्याशी संबंध नाही. काल दुपारपर्यंत त्याच बंदुकीचं बिल आम्ही क्लायंटला लावत होतो, आणि संध्याकाळी संबंध नाही. तो माणूस नंतर दोन वर्षं तारखांना जात होता, गावचा प्लॉट विकला म्हणे. मी त्यानंतर थोड्याच दिवसांनी नोकरी सोडली, तेवढ्यामुळे नाही, पण त्यामुळेही.

म्हणून मी तुम्हाला विचारते, शेठ आणि एजन्सी या दोघांनाही हत्यार पाहिजे, पैसाही दोघांकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे, मग लायसन तुमच्या नावावर का पाहिजे? हा प्रश्न फिल्ड ऑफिसरला विचारून बघा. आणि तोंड बघा त्याचं.

आता पैशाचा हिशोब करू, कारण मला माहितीये तुमचं मन तिथेच अडकलंय आणि त्यात काही चूक नाही, साडेसोळा हजारात पोरीला शाळेत घालायचंय. पगार वाढणार 10 हजार. खर्च 2 लाख 80 हजार. म्हणजे 28 महिने तुम्ही फक्त म्हशींचे पैसे फेडणार, आणि तेही शेठने 28 महिने ठेवून घेतलं तर. पीएसओची नोकरी एका माणसाच्या मर्जीवर असते भाऊ, शेठच्या मेव्हण्याने दुसरा कोणी आणला की तुम्ही परत चाकणला. म्हशी दूध देतायत ना सध्या? मग त्या राहू द्या.

शिवाय त्या दहा हजारात अजून काय काय येतं बघा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यार जमा करायला लावतात, बँकेच्या सुरक्षेला सूट असते, पण तुमच्यासारख्या खाजगी माणसाला ती मिळेलच असं नाही, मग तो महिना-दीड महिना शेठ पिस्तुलाशिवायच्या पीएसओला पिस्तुलाचा पगार देईल का? परवान्यावर हद्द लिहिलेली असते, जिल्ह्याची किंवा राज्याची, आणि शेठ माल घ्यायला सुरतेला निघाला तर तुम्ही काय करणार? सापुताऱ्याच्या अलीकडे उतरणार? सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात पाहिजे, शर्टाच्या वर दिसेल असं खोचून शेठच्या मागे गॉगल लावून फिरायचं जे आपण पिक्चरमध्ये बघतो ते नियमात बसत नाही. लग्नात वगैरे हवेत बार काढला तर त्याला वेगळं कलम आहे, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शेठच्या मुलाच्या वरातीत शेठने सांगितलं "होऊन जाऊ दे" तर गुन्हा शेठवर नाही लागणार.

आणि सगळ्यात मोठं. तुम्हाला वाटतं चोर आला की गोळी चालवायची. मी विचारते कुठला चोर? समजा दोघं बाईकवर आले, एकाने काउंटरवरची चेन उचलली आणि पळाला. तुम्ही दारात. पाठमोऱ्या माणसाला गोळी घातलीत आणि तो मेला तर तुमच्यावर खुनाच्या कलमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत, 1 जुलै 2024 पासून जी लागू आहे, मालमत्तेच्या बचावासाठी जीव जाईपर्यंत जायची मुभा कलम 41 मध्ये आहे, पण ती दरोडा-जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, आग लावणं, किंवा अशी चोरी जिथे आपल्या जिवाची किंवा गंभीर दुखापतीची खरीखुरी भीती आहे, अशाच वेळी. नुसती चेन घेऊन पळणं त्यात बसत नाही. आणि कलम 37 म्हणतं बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. हे सगळं तुम्हाला दीड सेकंदात ठरवायचंय, दुकानात बायका-पोरं असताना, आणि नंतर कोर्टात ते दीड सेकंद वकील तीन वर्षं उलगडत बसणार. हे शिकवतं का कोणी? एजंटच्या पॅकेजमध्ये ट्रेनिंग आहे का? नाही ना? सरळ मार्गाच्या अर्जाला हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, एस-1 फॉर्म म्हणतात, त्यात ठेवायचं कसं, न्यायचं कसं, चालवायचं कसं हे सगळं येतं. जो माणूस तुम्हाला ते न शिकता हत्यार मिळवून देतोय तो तुम्हाला सवलत देत नाहीये.

आता तुमच्या मंडळींचं म्हणणं. तुम्ही लिहिलंय "बायको घाबरट आहे". मला नाही वाटत. अर्जातच एक हमीपत्र द्यावं लागतं की हत्यार घरी सुरक्षित, कुलपात, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवीन. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे एक लोखंडी कपाट आहे आणि त्या कपाटाची किल्ली देवाच्या फोटोमागे असते (असतेच, मला माहितीये, आमच्याही असायची) आणि चार वर्षांच्या पोरीला ती किल्ली कुठे असते हे तुमच्याआधी माहिती असतं, तिथे तुम्ही काय हमी देणार? तुमची बायको हे सगळं कलम न वाचता एका वाक्यात बोलली. तिचं ऐका असं मी सांगत नाही, पण तिला घाबरट म्हणू नका.

केसचं लपवू का, हा दुसरा प्रश्न. नाही. लपवायचं नाही, आणि त्याचं कारण परत साधंच आहे. सरळ अर्ज केलात तर रिपोर्ट तुमच्या इथल्या पोलीस स्टेशनवरून जातो, आणि मूळ गावच्या ठाण्यातही विचारणा होणार. ती केस निघणारच. चालू असलेली केस म्हणजे दार कायमचं बंद असं नाही, कायद्याने सरळ मनाई आहे ती हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, शिक्षा संपल्यावर 5 वर्षं, आणि शांतता राखण्याचा बॉन्ड लिहून घेतलेल्याला, त्या बॉन्डची मुदत असेपर्यंत. तुमची फक्त केस चालू आहे की चॅप्टर केसही, म्हणजे शांतता राखायला लावणारी कारवाई, झाली होती आणि बॉन्ड भरलाय, हे गावच्या वकिलाला नीट विचारा, लोकांचा यात फार गोंधळ असतो. पण माहिती दडवून मिळवलेला परवाना नंतर कधीही रद्द होतो, तेच एक कारण पुरतं. खरं लिहून नकार आला तर अधिकाऱ्याला कारण लेखी द्यावं लागतं, काही अपवाद सोडले तर, आणि त्यावर अपील करता येतं. खोटं लिहून होकार आला तर तो होकार तुमच्या मानेवर.

आता करायचं काय, कारण "करू नका" एवढंच सांगून मी पळ काढला तर तुमचा पगार साडेसोळाच राहील.

तुम्हाला हत्यारी गार्डच व्हायचं असेल, आवड असेल, तर ते चूक नाही, पण जिथे हत्यार आणि परवाना मालकाचा तिथे जा. बँका आहेत. एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या कॅश व्हॅन आहेत, त्यांच्यासाठी केंद्राने 2018 मध्ये वेगळे नियम केलेत, प्रत्येक गाडीत 2 हत्यारी गार्ड पाहिजेत, शहरात रात्री 9 नंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी 6 नंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत. धोक्याचं काम आहे, ते मी लपवत नाही, पण तिथे निदान दोघं असता. अशा ठिकाणी इंटरव्ह्यूला गेलात की तीन गोष्टी विचारायच्या, लाजायचं नाही. परवाना कोणाच्या नावावर आहे आणि माझं नाव त्यावर रिटेनर म्हणून चढणार का? हत्यार शेवटचं टेस्ट फायर कधी केलं आणि काडतुसं किती जुनी आहेत? ड्युटीवर काही झालं तर वकील कोण देणार, ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिणार का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा चहा मागवायला लागला तर समजून जा. आणि नाव न चढवता "आजच्या दिवस धर रे" म्हणून कोणी दुसऱ्याची बंदूक हातात दिली तर धरायची नाही, अगदी रिलीव्हर आला नाही म्हणून, अर्ध्या तासासाठीसुद्धा नाही. मी स्वतः एकदा रोस्टरच्या घाईत असं करायला सांगितलं होतं एका पोराला. त्याने नकार दिला, मला राग आला होता तेव्हा.

आणि हत्याराशिवायचा रस्ता, जो मला तुमच्यासाठी जास्त बरा वाटतो. चार वर्षं झालीत तुम्हाला. खाजगी सुरक्षा एजन्सींचा जो 2005 चा कायदा आहे, पसारा म्हणतात सगळे, त्याच्या केंद्राच्या नमुना नियमांत गार्डला 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष ट्रेनिंग सांगितलंय. तुम्हाला ते खरोखर दिलं का, सर्टिफिकेट आहे का हातात? बऱ्याच पोरांना टोपी-शिट्टी देतात आणि सही घेतात. नसेल तर मागा, एजन्सी बदलताना पहिला कागद तोच विचारतात. त्याच नियमांत 15 गार्डमागे 1 सुपरवायझर पाहिजे असंही आहे, म्हणजे चाकणसारख्या पट्ट्यात, जिथे एकेका प्लांटवर शिफ्टला वीस-तीस गार्ड लागतात, तिथे सुपरवायझर लागतातच. रजिस्टर नीट लिहिता येणं, गाडीचं चलन आणि माल जुळवता येणं, सीसीटीव्हीचं फुटेज काढता येणं, फायर सेफ्टीचा एखादा कोर्स, एवढ्यावर माणसं वर चढलेली मी बघितलीत. पगार एकदम दहा हजारांनी नाही वाढत, पण वाढलेला पगार निवडणुकीत जमा करावा लागत नाही. सुरक्षा रक्षक मंडळाची भरती आणि राज्याच्या सुरक्षा महामंडळाची भरती निघते अधूनमधून, त्यावरही लक्ष ठेवा, केसची माहिती तिथेही खरी द्या.

आणि एक, तुमची बारा तासांची ड्युटी आहे तर वरच्या चार तासांचा ओव्हरटाइम स्लिपवर दिसतो का? पीएफ आणि ईएसआयसी कापतात तर ते भरतात का, पासबुक बघितलंय का मोबाइलवर? पिस्तुलाशिवाय थोडेफार पैसे तिथेच सापडायची शक्यता आहे, खरंच सांगते.

राहता राहिला तो एजंट, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. 15 हजार परत मागा, देईल असं वाटत नाही, पण पैसे गेले तर गेले. कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या जाता कामा नयेत. आज त्याला व्हॉट्सॲपवर मराठीत साधं लिहा, की माझ्या नावाने कुठल्याही राज्यात, कुठल्याही कार्यालयात अर्ज करू नये, सह्या केलेले फॉर्म, फोटो आणि आधारची झेरॉक्स परत करावी. फोनवर बोलू नका, लिहाच. त्याचा स्क्रीनशॉट काढून बायकोच्या मोबाइलवर पण पाठवून ठेवा. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच मजकूर कागदावर लिहून चाकण पोलीस स्टेशनला अर्ज द्या आणि पोच घ्या, शिक्का मारलेली. ठाण्यात जायला भीती वाटेल, "तूच पैसे दिलेस ना" असं कोणी विचारेलही, हो म्हणायचं, दिले म्हणायचं, टोकन दिलं आणि मग कळलं की हे चुकीचं आहे. ओळखीचा वकील असेल तर तो सोबत न्या. फिल्ड ऑफिसर मध्ये पडून म्हणेल की कशाला वाढवतोस, तर त्याला म्हणा ठीक आहे, तूच आणून दे माझे कागद.

आणि हे सगळं होऊनही महिन्या-दीड महिन्याने तुमच्या नावाचं परवान्याचं पुस्तक कुरियरने दारात आलंच, तर सही करून घेऊ नका, पाकीट फोडू नका. कुरियरवाल्याला परत न्यायला सांगा, पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आणि नंबर दिसेल असा फोटो काढा, आणि तो फोटो घेऊन त्याच दिवशी परत पोलीस स्टेशनला जा, पहिल्या अर्जाची पोच सोबत घेऊन.